वेर्णा की ताळगाव: नोकरी आणि पीएचडी यांतून निवड करताना

वेर्ण्याची औद्योगिक वसाहत आणि ताळगावच्या पठारावरचं गोवा विद्यापीठ यांच्यामध्ये झुआरी नदी आहे. नवा पूल झाल्यापासून इकडून तिकडे जायला फार वेळ लागत नाही. पण केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलेल्या आमच्यासारख्यांना कधीतरी ठरवावंच लागतं, की आपण कुठल्या काठावर राहणार. दक्षिणेला औषध कंपन्यांच्या प्रयोगशाळा. उत्तरेला विद्यापीठ, आणि जवळच दोनापावल्याला १९६६ सालापासूनची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, जिला सगळे एनआयओ म्हणतात. मी आधी वेर्ण्याला होते, आता विद्यापीठात रिसर्च स्कॉलर आहे. मधला काळ हे ठरवण्यात गेला. त्या काळात जे मला एकेक करून शोधावं लागलं, ते कुणाच्या तरी उपयोगी पडावं म्हणून लिहिते आहे.

सल्ला देणारे पुष्कळ भेटले. अर्धे म्हणाले, हातची नोकरी सोडू नकोस. अर्धे म्हणाले, पीएचडी करून टाक, नावापुढे डॉक्टर लागेल. दोघांचीही माया खरी होती. पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मी नेमकं काय करत बसणार, आणि ते मला आवडणार का, हे कुणीच विचारलं नाही. माझ्या दृष्टीने सगळा प्रश्न तोच होता.

आमचं घर डिचोली तालुक्यात. बाबांचा ट्रक खाणीवर होता. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या तेव्हा मी शाळेत होते. मध्ये काही काळ त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१८ च्या मार्चमध्ये परत थांबल्या. दारात उभा असलेला ट्रक आणि बँकेचे हप्ते हे दोन्ही एकाच वेळी ज्या घरांनी पाहिलं, त्यांना वेगळं सांगायला नको. शेवटी ट्रक विकला. त्यामुळे एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला कंपनीने क्वालिटी कंट्रोलसाठी, म्हणजे औषधं तपासणाऱ्या क्यूसी विभागासाठी, निवडलं तेव्हा मी दुसरा विचार केला नाही. ठरलेल्या तारखेला खात्यात पगार जमा होणं ही आमच्या घरात फार मोठी गोष्ट होती. तो निर्णय मी आजही बरोबरच मानते.

फोंड्याला मावशीकडे राहायचे आणि कंपनीच्या बसने बोरीमार्गे वेर्ण्याला जायचे. क्यूसीचं काम बाहेरून पाहणाऱ्याला यंत्रवत वाटतं, पण ते तसं नाही. सकाळी आधी बॅलन्स तपासायचा, लॉगबुकात नोंद करायची. मोबाइल फेज, म्हणजे यंत्रातून सॅम्पल वाहून नेणारा द्रव, बनवून तो ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा, सोनिकेट करून त्यातली हवा काढायची. एचपीएलसीवर, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, कॉलम (घटक जिच्यात वेगळे होतात ती नळी) लावून बेसलाइन स्थिर होईपर्यंत थांबायचं. मग स्टँडर्डची, म्हणजे प्रमाण आधीच माहीत असलेल्या द्रावणाची, पाच-सहा इंजेक्शनं. त्यांच्या पीकच्या, म्हणजे आलेखावर प्रत्येक घटकाच्या उठणाऱ्या टोकाच्या, क्षेत्रफळांतला फरक मर्यादेत आला, साधारणपणे आरएसडी (सरासरीच्या तुलनेतला फरक) २ टक्क्यांच्या आत, की मगच सॅम्पल लावायचं. तिकडे डिसोल्यूशनच्या सहा भांड्यांत ३७ अंशांच्या द्रवात गोळ्या विरघळत असतात आणि ठरलेल्या मिनिटाला प्रत्येक भांड्यातून सॅम्पल काढायचं असतं. वहीत खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. कॉम्प्युटरवर तर प्रत्येक क्लिक ऑडिट ट्रेलमध्ये उरतो.

या शिस्तीला कंटाळून नोकरी सोडणारे असतात. मला तिचा कधी कंटाळा आला नाही. ज्या बॅचच्या कागदावर माझी सही आहे ती गोळी कुणाच्या तरी आजीच्या तोंडात जाणार आहे, हे डोक्यात असलं की काम हलकं राहत नाही. माझ्याबरोबर लागलेली एक मैत्रीण याच कामासाठी जन्मली आहे असं मला वाटतं. रिपोर्ट पूर्ण झाला, बॅच रिलीज झाली, बस पकडली, विषय संपला. ती आता रिव्ह्यूअर आहे, आणि तिने पीएचडीकडे न वळणं हा तिच्यासाठी उत्तम निर्णय आहे. हे इतकं स्पष्ट लिहायचं कारण असं, की आपल्याकडे हुशार मुलगी नोकरीत राहिली की "पुढे काही केलं नाही" म्हणतात. हे बोलणं अन्यायाचं आहे.

मला वेगळं काहीतरी होत होतं. ते कळायला वेळ लागला.

औषधांची टिकाऊपणाची तपासणी करताना गोळ्या ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये सहा महिने ठेवतात. कपाटात वर्षभरात जे बिघडेल ते तिथे लवकर दिसावं, हा हेतू. अशाच एका सॅम्पलच्या क्रोमॅटोग्राममध्ये, म्हणजे एचपीएलसीच्या आलेखात, मुख्य पीकच्या जरा आधी एक बारीकसा नवा पीक दिसायला लागला. महिन्यागणिक किंचित वाढत होता, पण मर्यादेच्या बराच आत होता. अशा अशुद्धीला ओळख पटवण्याची गरज नसते. ठरावीक प्रमाणाच्या खाली असेल तर आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही तसं मागत नाहीत. रिपोर्टमध्ये "अननोन इम्प्युरिटी" लिहायचं आणि पुढे जायचं. मी सिनिअरना विचारलं, हा काय असेल? पाण्यामुळे रेणू तुटला असेल, की ऑक्सिडेशन? ते शांतपणे म्हणाले, "मर्यादेत आहे ना? मग तो आपला प्रश्न नव्हे." ते शंभर टक्के बरोबर होते. क्यूसीने कुतूहलापोटी प्रत्येक पीकच्या मागे लागायचं ठरवलं तर एकही बॅच वेळेवर बाहेर पडणार नाही. पण मी त्या दिवशी बसमध्ये बसून मोबाइलवर त्या रेणूची रचनाच बघत होते.

मग मी स्वतःकडे जरा नीट लक्ष द्यायला लागले. कुठल्या दिवशी घड्याळाकडे बघायची आठवण होत नाही? तो दिवस बहुधा ओओएसचा असायचा, म्हणजे एखादा निकाल मर्यादेबाहेर गेला की जी चौकशी चालते तिचा. सॅम्पल बनवताना काही घडलं का, पिपेट बरोबर होती का, कॉलम जुना झाला का, स्टँडर्ड नीट विरघळलं होतं का. एकेक शक्यता तपासून बाद करायची. बाकीचे त्या दिवशी वैतागलेले असायचे आणि मी खुशीत असायचे. फक्त कारण सापडलं की फाईल बंद होई, आणि मला वाटे की आता कुठे गोष्ट सुरू होते आहे. प्रश्न दुसऱ्याने ठरवायचा आणि उत्तर आपण द्यायचं, हे मला जमत होतं. प्रश्न ठरवण्याच्या जागी बसायची ओढ मात्र वाढत गेली.

ओढ वाटणं वेगळं आणि राजीनामा देणं वेगळं. आधी पैशांचं बघू.

पुष्कळांना हे माहीत नसतं की सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये मिळतात, वर घरभाडे भत्ता. दोन वर्षांनी कामाचं मूल्यमापन होऊन तिची एसआरएफ, म्हणजे पुढची पायरी, झाली की ४२,०००. एकूण मुदत पाच वर्षं. शिवाय रसायनं, प्रवास, पुस्तकं यांसाठी वर्षाला २०,००० रुपये कंटिंजन्सी. माझा तेव्हाचा हातात येणारा पगार यापेक्षा कमी होता. मावशीला सांगितलं तर तिचा विश्वासच बसेना. ती म्हणाली, "शिकायचे एवढे पैसे देतात? मग बाकीचे कंपनीत कशाला जातात?"

मावशीच्या प्रश्नाचं उत्तर मी कागदावर मांडून पाहिलं. फेलोशिपमध्ये भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, वार्षिक वाढ नाही. कंपनीत बस, कँटीन, विमा, बोनस. पाच वर्षांनी माझ्या बॅचमधले लोक सिनिअर एक्झिक्युटिव्ह झालेले असतील, आणि मी नव्या पदवीसह पुन्हा नोकरी शोधत असेन. क्यूसीमध्ये पीएचडीला वेगळी किंमतही नसते, तिथे अनुभव मोजतात. पीएचडी मोजतात ते आर अँड डी विभागात, आणि कंपन्यांची मोठी संशोधन केंद्रं बरीचशी हैदराबाद, मुंबई, अहमदाबाद अशा ठिकाणी आहेत. म्हणजे पगारवाढीसाठी पीएचडी करायची म्हटलं तर गणित जुळत नाही. हे मी आधीच लख्ख मान्य करून टाकलं, त्यामुळे पुढे मन सारखं हेलकावे खात राहिलं नाही.

कॉलेजात शिकवायचं तर? सहायक प्राध्यापकासाठी आता पीएचडी सक्तीची नाही. १ जुलै २०२३ पासून नेट, किंवा राज्य पातळीवरची सेट वा स्लेट, ही किमान पात्रता आहे. त्यामुळे "प्राध्यापक व्हायला पीएचडी लागतेच" हे काकांचं म्हणणंही बाद झालं. गोव्यात सरकारी जागेसाठी कोकणीचं ज्ञान आणि रहिवासाचा दाखला लागतो, तो प्रश्न मला नव्हता. पण जागाच इतक्या थोड्या निघतात की त्या भरवशावर काही ठरवावं असं वाटलं नाही.

मी स्वतःला एक अट घातली. फेलोशिप नसेल तर राजीनामा नाही.

या अटीची परीक्षा लगेच झाली. २०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट आहेत. पहिला जेआरएफसह सर्व पात्रता देणारा, दुसरा सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेशाचा, तिसरा फक्त पीएचडी प्रवेशाचा. दुसऱ्या-तिसऱ्या गटात आलेल्यांना प्रवेशासाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि ती प्रवेशपात्रता एकच वर्ष चालते. मी आधी आले ती दुसऱ्या गटात. दार उघडलं होतं, पण पैसे नव्हते. सगळ्यांचं म्हणणं, प्रवेश घेऊन टाक, फेलोशिप मागाहून मिळेल. वर्षभराची मुदत डोक्यावर टांगलेली. त्या काळात मला नीट झोप लागत नव्हती.

कुणाच्या प्रकल्पात प्रोजेक्ट असोसिएट म्हणून लागायचं, हीही वाट होती. दोन ठिकाणी चौकशी केली. काम चांगलं होतं, पण नेमणूक प्रकल्पाच्या मुदतीला बांधलेली, आणि मुदत संपल्यावर काय, याला उत्तर नव्हतं. दुसरी वाट अर्धवेळ पीएचडीची. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत तिला स्पष्ट मान्यता आहे, मात्र कंपनीचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. आणि ते नुसतं "आमची हरकत नाही" असं चालत नाही. या व्यक्तीला संशोधनासाठी पुरेसा वेळ देता येईल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं करू, असं त्यात लिहून द्यावं लागतं. शिफ्टमध्ये काम करणाऱ्या ॲनालिस्टला असं लिहून देणं आमच्या विभागाला शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मी असते तरी दिलं नसतं. कॉलेजात शिकवणाऱ्यांसाठी किंवा आर अँड डीतल्यांसाठी अर्धवेळ पीएचडी चांगली. शिफ्टवाल्यांनी त्यात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्हीकडची कामं अर्धवट राहतात.

शेवटी मी प्रवेश घेतला नाही. पुन्हा नेटला बसायचं ठरवलं.

अभ्यासाबद्दल एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. रोज एचपीएलसीवर काम करत होते म्हणून ॲनालिटिकल माझ्या बोटांवर होतं, पण केमिकल सायन्सेसच्या पेपरात ॲनालिटिकलला कोपऱ्यातली जागा असते. २०० गुणांतले ३० पार्ट एला, ७० पार्ट बीला आणि १०० पार्ट सीला. पार्ट सीमध्ये ६० प्रश्न असतात, त्यांतले २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण, आणि चुकलं तर १ गुण वजा. तिथे ऑरगॅनिकच्या रिॲक्शन मेकॅनिझम, ग्रुप थिअरी, क्वांटम यांच्याशिवाय निभाव लागत नाही. मी यांतले दोन विषय पूर्ण घट्ट केले आणि एकाला बऱ्यापैकी सोडून दिलं. दुसरी शिफ्ट असली की सकाळचे चार तास मोकळे मिळायचे. मावशी त्या वेळात टीव्हीसुद्धा लावायची नाही. जेआरएफसाठी वयाची अट ३० वर्षांची आहे आणि महिलांना त्यात ५ वर्षांची सवलत आहे, हे वाचल्यावर माझा जीव खूप भांड्यात पडला होता. नोकरीत दोन-तीन वर्षं गेली म्हणजे दारं बंद झाली, ही भीती उगाचच घातली जाते.

निकाल आला, जेआरएफ मिळाली. लोकांना वाटलं, आता ठरलंच. मला तसं वाटत नव्हतं, कारण कुणाकडे आणि कशावर, हे अजून उरलंच होतं. माझ्या मते हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि मुलं यालाच सगळ्यांत कमी वेळ देतात. पाच वर्षांचा सगळा दिनक्रम गाईडवर अवलंबून असतो, आणि आपण त्यांच्या वेबपानावरचे दोन परिच्छेद वाचून अर्ज करतो. नवरा शोधताना घरचे याच्या दसपट चौकशी करतात.

मी तीन-चार ठिकाणी रजा टाकून गेले. मॅडम किंवा सरांना भेटण्याआधी त्यांच्या स्कॉलरांना भेटायचे, शक्यतो चहाला बाहेर. तुमच्या लॅबमधून आजवर किती जण पूर्ण करून गेले, किती वर्षं लागली, कोणी मधेच सोडलं का? यंत्र बंद पडलं तर दुरुस्तीचे पैसे कुठून येतात? पेपरवर पहिलं नाव कुणाचं असतं? गाईड सॅम्पल काढायला बरोबर येतात का? दोन नियमही आधी पाहून घ्यायचे. प्रोफेसरला एका वेळी आठ, असोसिएट प्रोफेसरला सहा आणि असिस्टंट प्रोफेसरला चार पीएचडीचे विद्यार्थी घेता येतात. आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. मला ज्यांच्याकडे जावंसं फार वाटत होतं ते सर या दुसऱ्या नियमात बसत होते. त्यांनीच पुढच्या मॅडमचं नाव सुचवलं.

मॅडमशी झालेलं बोलणं सविस्तर सांगते, कारण निर्णय खरा त्या तासाभरात झाला. नदीच्या मुखाजवळच्या गाळातले धातू हा त्यांचा विषय. मी वेर्ण्याला काय करते ते विचारलं. मी सगळं सांगितलं, त्या बारीक पीकसकट. त्यांनी विचारलं, "तुझं गाव कुठलं?" डिचोली म्हटल्यावर म्हणाल्या, "मग तुला खाजनं माहीत असतील."

खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली सखल जमीन. मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारांनी भरती-ओहोटीचं पाणी आवरायचं, पावसाळ्यात खारं सोसणारं कोरगुटासारखं भात, एरवी मासळी. माझ्या आजोळची शेती तशीच. खाणपट्ट्यातून पावसाळ्यात जी लाल माती वाहून येते ती मांडवीच्या उपनद्यांतून अशा शेतांपर्यंत पोचते. त्या मातीत लोह आणि मँगनीज भरपूर, हे सर्वांना माहीत आहे. मॅडमचा प्रश्न पुढचा होता. मातीत एकूण धातू किती, हे मोजून फारसं काही कळत नाही. लोह-मँगनीजची ऑक्साइडं इतर धातूंना धरून ठेवतात. शेत पाण्याखाली गेलं, मातीतला ऑक्सिजन संपला, की जिवाणू त्याच ऑक्साइडांतलं लोह आणि मँगनीज विरघळणाऱ्या रूपात आणतात, आणि धरून ठेवलेलंही सुटतं. मग किती सुटतं, केव्हा सुटतं, पाणी ओसरल्यावर परत किती बसतं? हे एका खाजनात वर्षभर, मानशीच्या उघडझापीप्रमाणे कुणीतरी मोजायला हवं.

मी लगेच विचारलं, की सॅम्पल काढताना हवेतला ऑक्सिजन लागला तर निकालच बदलेल, ते कसं सांभाळणार? ब्लँक, म्हणजे माती नसलेले तुलनेचे नमुने, कुठले ठेवणार? मॅडम हसल्या. म्हणाल्या, हा प्रश्न विद्यार्थी सहसा दुसऱ्या वर्षी विचारतात. क्यूसीच्या खोलीत अंगात मुरलेली सवय इथे कामाची आहे, हे मला तिथे बसल्या बसल्या दिसलं. कंपनीतली वर्षं संशोधनासाठी वाया गेली म्हणणाऱ्यांनी एकदा पर्यावरणातल्या धातूंचे आकडे कसे तयार होतात ते बघावं. भांडं नीट धुतलं नाही तरी आकडा दुप्पट होतो.

दुसऱ्या एका ठिकाणी याहून चांगली यंत्रं होती आणि नावही मोठं होतं. तिथला प्रश्न मात्र मला घरी येईपर्यंतही लक्षात राहिला नव्हता. मी मॅडमची लॅब निवडली.

घरी सांगणं सोपं नव्हतं. आईला लग्नाची काळजी. पीएचडी करणाऱ्या मुलीला स्थळ कसं मिळणार, आणि मिळालं तर अभ्यासाचं काय होणार. तिला मी नियम वाचून दाखवले. पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षं, महिलांना आणखी दोन वर्षांची सवलत, आणि बाळंतपण व मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. नियमांनी आईची काळजी गेली नाही, पण हे सगळं कुणीतरी आधीच विचारात घेतलं आहे एवढं तिला पटलं. बाबांनी एकच विचारलं, "पाच वर्षांनी काय?" मी गोड उत्तर दिलं नाही. म्हटलं, हमी कसलीच नाही. पाणी आणि माती तपासणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळा आहेत, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, शिकवणं आहे, बाहेर पोस्टडॉक आहे, आणि यातलं काहीच झालं नाही तर क्यूसीचा अनुभव आहे. पुन्हा खालून सुरुवात करावी लागेल, पण उपाशी राहणार नाही. बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी कुठल्या नाल्यातून कुठल्या वर्षी सगळ्यात जास्त लाल पाणी यायचं, कुठल्या रस्त्याने ट्रक जायचे आणि पावसात माल कुठे साठवून ठेवत, ते सांगायला सुरुवात केली. मी वही काढली. त्यांच्या पोटापाण्याची वाट आणि आजोळच्या शेतावर बसलेला गाळ, दोन्ही एकाच डोंगरातून आले होते. हे आम्ही घरात पहिल्यांदाच मोठ्याने बोललो. माझ्या कामात खाणवाल्यांवर किंवा शेतकऱ्यांवर निकाल द्यायचा नाही, माती काय सांगते ते मोजायचं आहे, हेही मी त्यांना सांगितलं आणि ते मी पाळणार आहे.

राजीनामा देताना नोटीस पिरियड पूर्ण करा, कितीही घाई असली तरी. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं प्रमाणपत्र नंतर कुठेही लागतं, आणि कंपनीतल्या ओळखीही लागतात. मला आजही कॉलम कुठला वापरू हे विचारायचं तर मी माझ्या जुन्या सिनिअरनाच फोन करते. फेलोशिप रुजू झाल्या दिवसापासून मोजतात, पण प्रत्यक्ष पहिले पैसे हातात यायला काही महिने जाऊ शकतात, आणि पुढेही ते पगारासारखे ठरल्या तारखेला येतीलच असं नसतं. सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढल्याशिवाय नोकरी सोडू नये. मी शेवटचा बोनस आणि भविष्यनिर्वाह निधी यांना हात लावला नाही, घरच्यासाठी वेगळी रक्कम आधीच आईच्या खात्यात ठेवली.

सध्या कोर्सवर्क चालू आहे, किमान १२ क्रेडिटचं ते असतं. त्यातलं संशोधन पद्धती आणि संशोधनातली नीती हे विषय मला कंपनीतल्या ट्रेनिंगमुळे ओळखीचे वाटतात. दिवस अवघडही जातात. क्यूसीत संध्याकाळी हातात पूर्ण झालेला रिपोर्ट असायचा. इथे आठवडाभर खपून काढलेला निकाल मॅडम एका प्रश्नाने परत पाठवतात, आणि त्या बरोबर असतात. जुन्या बॅचमधल्या मैत्रिणींच्या बढतीची बातमी आली की थोडं लागतंही. तरी घड्याळाकडे न बघण्याचे दिवस आता आठवड्यातून बरेच येतात.

पुढच्या महिन्यात रिसर्च ॲडव्हायझरी कमिटीपुढे आराखडा मांडायचा आहे. खाजन ठरलं आहे, मानशीची दारं सांभाळणाऱ्यांशी बोलणं झालं आहे. मातीतले धातू टप्प्याटप्प्याने वेगळे काढण्याची कुठली पद्धत घ्यायची, यावर मॅडमचं आणि माझं अजून एकमत नाही. मला प्रत्येक खेपेला प्रमाणित संदर्भ गाळ, म्हणजे ज्यातल्या धातूंचं प्रमाण आधीच माहीत आहे असा गाळ, बरोबर चालवायचा आहे, आणि त्याची छोटीशी बाटलीच वर्षाच्या कंटिंजन्सीचा मोठा भाग खाते. मॅडम म्हणतात तीन खेपांत एकदा पुरे. मी दोन्ही हिशेब लिहून ठेवले आहेत, कमिटी काय म्हणते ते बघू.